बहुधाबाई

अर्धं आयुष्य नदीचं पाणी मोजण्यात घालवल्यावर बाईंना उमगलं, की नुसतं मोजून पाणी काही मागे सरत नाही. मग प्रयोगशाळा सोडून त्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागल्या. हवामान बदलतंय, पूर वाढताहेत, बांधकामाचे नियम बदला, हे एकच पालुपद. कारकुनांनी त्यांचं नाव ठेवलं बहुधाबाई. कारण काहीही विचारा, बाई आधी 'बहुधा' म्हणत आणि मगच उत्तर देत. शास्त्रज्ञाची खोड ती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

बांधकाम समितीची आजची बैठक शेवटची. नदीकाठच्या सखल जागेला मंजुरी मिळाली, की तिथे मुलांच्या इस्पितळाचा पाया खणायला सुरुवात होणार होती. सोबतीला नणंद आली होती. ती विमा विकायची, त्यामुळे लोकांना कसं पटवावं हे तिला विचारावं. वाटेत तिने वहिनीला नीट पढवलं होतं: पूर नक्की येणार, एवढंच म्हणायचं, पुढे एक अक्षर नाही.

अध्यक्षांनीही नेमकं तेच विचारलं. "पूर नक्की येणार का?"

नणंदेने टेबलाखालून वहिनीचा पाय दाबला. एका शब्दाचं काम होतं, पण तो खोटा शब्द बाईंच्या तोंडातून निघेना.

"बहुधा," त्या म्हणाल्या.

सगळे पोट धरून हसले. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. बाईंना आधी रडू आलं आणि मग सणसणीत राग आला.

"मग साहेब, येणार नाही असं तुम्ही नक्की सांगा. तुमच्या नावावर टिपून घेऊ."

चिटणिसांनी पेन उचललं. अध्यक्षांनी पेनाकडे पाहिलं, घसा खाकरला. "पूर येणार नाही," ते म्हणाले, आणि पेन कागदाला टेकायच्या आत घाईघाईने पुढे जोडलं, "बहुधा."

या वेळी हसायची कुणाची छाती झाली नाही. कागदावरचं इस्पितळ निमूटपणे टेकडीवर सरकलं.

जिन्यात अध्यक्षांनी नणंदेला गाठलं. त्यांचा नवा बंगला नदीकाठीच होता, तेव्हा विम्याचं काही जमेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. आलेलं गिऱ्हाईक कधी न सोडणाऱ्या नणंदेने चक्क हात जोडले.

"त्या पट्ट्यातले विमे आमच्या कंपनीने केव्हाच बंद केलेत, साहेब. आमच्या वहिनीचे आकडे वाचून."

बाई पायरीवरच थबकल्या. आपलं लिहिलेलं कुणीतरी अगदी मन लावून वाचलं होतं! त्यांना इतका आनंद झाला, की एवढे दिवस गप्प बसलेल्या नणंदेवर चिडायचं त्या साफ विसरल्या. ते आठवलं घरी पोचल्यावर.