डाळ शिजली त्या पाण्यात

पाणी वाईट आहे की चांगलं, हे तुम्ही आम्ही कशावरून ठरवतो? चवीवरून? वासावरून? काशम्मा डाळीवरून ठरवायची. ऐका तर मग काय झालं ते!

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात काशम्माची खानावळ होती. गिरणीतली माणसं जेवायला यायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, यांना नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. पण वरण! नळाचं पाणी असलं जड, की तुरीची डाळ कितीही रटरटू दे, शिजायचं नावच नाही. गिरणीतला संगप्पा ताटातली डाळ बोटानं ढकलत म्हणायचा, "काशम्मा, वरण जेवायचं का गोट्या खेळायच्या?"

सगळी पंगत हसायची. काशम्माही हसायची, पण ते तिला लई लागायचं.

त्यात बंबाच्या तळाला, घागरीच्या कडेला पांढरा थर धरायचा. "भांड्यात असं, मग पोटात कसं गं होत असंल?" असं ती सुनेला म्हणायची. वर नळाला औषधाचा वास! झालं, नळाचं पाणी वाईट हे काशम्माच्या डोक्यात पक्कं बसलं.

बहात्तरच्या दुष्काळात अंगणातला आड पार कोरडा पडला होता. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि आड भरला. सहज म्हणून काशम्मानं त्यातलं पाणी डाळीला घातलं, आणि काय सांगू! भाकऱ्या थापून होईस्तवर डाळ लोण्यासारखी! साबणालाही असा फेस, की धुणं धुता धुता ती एकटीच हसायला लागली. तिनं आडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुपारी संगप्पानं गुमान तीनदा वरण मागून घेतलं. काशम्माला आणखी काय पाहिजे?

सून चन्नम्मा अक्कलकोटकडची. सासूला कन्नडात 'अत्ती' म्हणायची. पोटुशी होती, सातवा लागला होता. ती भीतभीत म्हणाली, "अत्ती, दुष्काळाच्या आधी ह्या आडाचं पाणी नळापेक्षाबी जड व्हतं की. आता एकदम हलकं कसं झालं? आन भिंतीपलीकडनं गटार जातंय..."

"गप गं! डाळ शिजली की पाणी चांगलं. माझी आई असंच बघायची, तिची आईबी असंच बघायची. तू पोटुशी हायस, हलकं पाणी आधी तुलाच पायजे."

आणि खरंच, रोज सकाळी आडाचं पाणी तांब्यात भरून ती सुनेच्या उशाशी ठेवायला लागली. स्वतःच्या हातानं!

महापालिकेचे आरोग्य निरीक्षक मानसिंग पावडरीची पिशवी घेऊन आले तेव्हा पंगत बसली होती. पंगतीच्या तांब्यांतही आता आडाचंच पाणी असायचं.

"मावशी, आडात औषध टाकायचंय. गटाराच्या लई जवळ हाय हा. प्यायला नळाचंच घ्या."

काशम्मा आडाच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली. "पूजा केलीय म्या आडाची! तुमचं वासाचं औषध माझ्या वरणात नगं."

"बरं, उकळून तरी प्या."

"डाळ उकळतीच की सायेब!"

पंगत खोखो हसली. मानसिंग म्हणाले, "मावशी, डाळ उकळतीय. तांब्यातलं पाणी कुटं उकळतंय?" पण त्या हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर संगप्पाचे डोळे पिवळे झाले. मग आणखी दोघांचे. काशम्मा म्हणाली, "गिरणीत नळाचं पितात न्हवं, ते बाधलं!" आणि एका सकाळी चन्नम्माला भाकरीचा वास सोसेना. उलट्या झाल्या, ताप चढला. काशम्मानं तिच्या तोंडाला तांब्या लावला, "घे पोरी, हलकं हाय, पी."

दवाखान्यात नेईपर्यंत तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. चन्नम्मा कशीबशी वाचली. पोटातली मुलगी गेली.

मानसिंग पुन्हा आले. रागावले नाहीत. ओळखीच्या रंगाऱ्याकडून चादरी रंगवायचा लाल रंग आणला होता, तो त्यांनी बोळातल्या गटारात ओतला. म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी पोहरा तुमीच ओढा."

सकाळी काशम्मानं पोहरा वर काढला. पाणी गुलाबी होतं!

पोहरा पुढ्यात घेऊन ती खाली बसली. "म्हंजे म्या... माझ्या पोरीला म्या गटाराचं पाजलं?"

"तुमी मुद्दाम न्हाय पाजलं, मावशी," मानसिंग तिच्याजवळ टेकले. "नळाचं पाणी जड हाय ते जमिनीतल्या चुन्यानं. तुमच्या घागरीचा पांढरा थर त्यो चुन्याचाच. त्यानं डाळ रुसती, साबण रुसतोय, पर माणसाला कावीळ व्हत न्हाय. दुष्काळात आड वाळून त्याच्या भिंतीला भेगा पडल्या, त्यातनं पावसाचं पाणी आत उतरलं म्हणून आड हलका झाला. आन त्याच वाटेनं गटारबी आत आलं. रोगाचे जंतू डाळीला कळत न्हाईत."

"आन त्यो वास?"

"जंतू मारायचं औषध ते. नळ त्या वासासकटच बरा."

तिनं पोहऱ्यातलं पाणी अंगणात ओतून टाकलं. मग हळूच म्हणाली, "मग नळाच्या पाण्यात डाळ शिजवायची कशी?"

"रातभर भिजत घालायची."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच! काशम्मा पदर तोंडात कोंबून रडली.

आता ती बोळातल्या दारोदारी जाऊन स्वतः सांगते, "बायांनो, डाळीचं ऐकू नका. माझं वाटोळं झालं, तुमचं नगं." आडाचं पाणी फक्त अंगण धुवायला. प्यायला नळाचं, तेही उकळून. संगप्पा बरा होऊन परत जेवायला येतो, पण वरणाची चेष्टा करत नाही. रोज सांजेला काशम्मा डाळ भिजत घालते, आणि पाणी ओतताना तिचा हात थांबतो.

पाण्याचा तांब्या हातात आला की प्यायच्या आधी चन्नम्मा अजून त्यात क्षणभर बघते. तेवढं बघणं काशम्माला पुरतं.

म्हणून सांगतो, माझ्या सोलापूरकरांनो, जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे आणि हलकं पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे! आपल्या घरात पाणी येतं कुठून, त्याच्या शेजारून काय वाहतं, हे एकदा जाऊन बघा. औषध टाकायला आलेल्या माणसाला हसू नका. आणि घरातली सून भीतभीत काही विचारत असेल, तर तिला गप्प करायच्या आधी तिचं ऐकून घ्या. काशम्मानं तेवढं ऐकलं असतं, तर आज त्या अंगणात एक पोर रांगत असती.