आत्याचा उघडा दंड

२०११ साली युगांडातल्या कंपालात नाबोसाचं लग्न ठरलं. तिथल्या रीतीप्रमाणे वऱ्हाडातून नवरदेव ओळखून हाताला धरून आणायचा मान आत्याचा, म्हणजे नाल्वोगाचा. पण डायलिसिससाठी धमनीला जोडलेली तिच्या दंडावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती आणि रक्ताच्या वेगाने आतून घरघरत असे.

"ताई, लोक करणी म्हणतील. तू आतच बस," तिचा भाऊ, नवरीचा बाप कागवा म्हणाला.

"का? आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घेते मी. तुझं कधी धुतलंस रे?"

आखूड बाह्यांचा पारंपरिक गोमेसी झगा घालून ती मांडवात गेली आणि त्याच हाताने तिने नवरदेवाला धरलं. बायका मागे सरकल्या. तो मात्र तिच्याबरोबर चालू लागला.

नाल्वोगा पुढे चार वर्षं जगली. दवाखान्यात तिला कागवाच नेई. नाबोसाच्या मुली त्या दंडाची घरघर ऐकत झोपी जात.