केबिनचं दार

पुण्याच्या प्रशिक्षणात रसिकाने एक वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं : कौतुक चारचौघांत करावं, चूक एकट्याला गाठून सांगावी. रत्नागिरीजवळच्या काजू कारखान्यात ती नुकतीच सुपरवायझर झाली होती. शेवंतीकाकींच्या हातून हल्ली काजूगर फार तुटत होते. म्हणून तिने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळूच सांगितलं, "काकी, डोळे तपासून घ्या हं." काकींनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी रसिका त्यांच्या घरी गेली.

"सगळ्यांदेखत ओरडली असतीस, तर मीपण हसून उलट बोलले असते गो," काकी म्हणाल्या. "दार कशाला लावलंस? आपल्याकडे दार लावतात ते चोरी धरल्यावर. त्या दिवशी कामावरून सुटताना बायका माझ्या पिशवीकडे बघत होत्या."

"मी सांगते सगळ्यांना, खरं काय ते."

"सांग. मग म्हणतील, म्हातारीला पाठीशी घालतेय."

रसिकाने तान्ही लेक शेजारणीकडे ठेवलेली, तरी तिचा पाय निघेना. शेवटी काकीच म्हणाल्या, "जा आता. पोर रडत असेल."