लाईन तुटली नाही

अंगदच्या गळ्यात दोन मोबाईल लटकलेले असायचे आणि दोन्ही त्याचे नव्हते. ते धर्मराज अण्णांचे. एकात सरकारी सिमकार्ड, दुसऱ्यात खासगी कंपनीचं. दोन हजार चारचं साल. टॉवर नुकतेच कुठं उभे राहत होते. केजकडं सरकारीच चालायचं, बीडात कंपनीचं, आणि मधल्या रस्त्यावर कोण कुठं दगा देईल ते फक्त अंगदला ठाऊक.

अण्णा जिल्ह्यातलं मोठं प्रस्थ. गाडीत बसले की बोलत सुटायचे आणि बोलता बोलता लाईन गेली की फोन उचलून अंगदच्या डोक्यात घालायचे. दोनदा मार खाल्ल्यावर अंगदनं सारा रस्ता पाठ केला. नेकनूर मागं पडलं की सरकारीच्या रेंजच्या काड्या एकेक करून कमी होतात, मांजरसुंब्याच्या अलीकडे कंपनीच्या उगवतात. मधे जेमतेम दीड किलोमीटर दोन्ही जिवंत. तेवढ्यात काम उरकायचं. दुसऱ्या मोबाईलवरून समोरच्या साहेबाच्या दुसऱ्या नंबराला लावायचं, तिकडून आवाज आला की अण्णांच्या रिकाम्या कानाला द्यायचं आणि मगच पहिला कट करायचा. अण्णांचं वाक्य मधे तुटायचं नाही. अख्ख्या तालुक्यात हे फक्त अंगदला जमायचं आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

निवडणुकीची तिकिटं वाटायचा दिवस होता. मुंबईत यादी चारला बंद होणार आणि अण्णांचं नाव कुणीतरी खोडायला बसलेलं. तीनच्या सुमाराला गाडी केजहून बीडकडं निघाली. अण्णा सरकारी फोनवर मुंबईच्या साहेबांशी बोलत होते. "साहेब, ठिवू नका. काय बी झालं तरी फोन ठिवू नका," एवढंच घोळवून घोळवून सांगत होते.

नेकनूर गेलं. सरकारीच्या तीन काड्या राहिल्या. कंपनीच्या फोनला रेंज आली, अंगदनं मुंबईचा नंबर काढला आणि बटण दाबणार तोच तो वाजला. गावातल्या एसटीडी बूथचा नंबर.

"दाजी, बंकट बोलतो." त्याचा मेहुणा. धाप लागली होती. "आर्ध्या तासापून लावतो. एक नंबर बिझी, दुसरा लागतच न्हाई. अक्काला लई रक्त जातंय. नर्सबाई म्हनती, आत्ताच्या आत्ता केजला न्या. बाजाराचा दिस, गावात एक गाडी न्हाई. अण्णाची जुनी जीप वाड्यासमोर उभी हाय, पन धुळाजी चावी देईना. अण्णाच्या तोंडचा एक शब्द पायजे म्हनतो."

अंगदच्या बायकोला, शिवकन्येला, नववा महिना होता. सकाळी निघताना तिनं कंबर दुखतीय म्हटलं होतं.

अंगदनं अण्णांच्या खांद्याला हात लावला. अण्णांनी फोनवर तळवा ठेवला. "काय बे?"

"अण्णा, घरून फोन हाय. मंडळीला लई त्रास होतोय. जुनी गाडी—"

"लाईन गेली ना अंग्या, तर कातडी सोलीन तुझी." अण्णांनी तळवा काढला. "हां साहेब, बोला, ऐकतोय."

दोन काड्या.

तिकडं बंकटनं रिसीव्हर धुळाजीच्या हातात दिला होता. धुळाजी अण्णांच्या जुन्या जीपचा ड्रायव्हर, भला माणूस, पण मागल्या साली न विचारता गाडी लग्नाला नेली म्हणून त्याच्या आधीच्याला अण्णांनी चारचौघांत चपलेनं मारलं होतं.

"अंगद, काय म्हनतेत अण्णा? न्यायची का?"

ने, अण्णा म्हनले. एवढंच बोलायचं होतं. शब्द अंगदच्या तोंडात आलाही होता. मागनं अण्णा काय म्हणतील, चप्पल, नोकरी, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि एक काडी राहिली.

त्यानं लाल बटण दाबलं. लगेच मुंबई लावली. घंटी गेली, आवाज आला, फोन अण्णांच्या दुसऱ्या कानाला लागला, पहिला मेला. अण्णांचं वाक्य तुटलं नाही.

बीडच्या विश्रामगृहासमोर गाडी थांबली तेव्हा तिकीट पक्कं झालं होतं. पोरं नाचत होती, फटाके लागले होते. अंगद अण्णांजवळ गेला आणि घडलेलं सांगितलं.

"आरं, मंग सांगायचं ना, अण्णा म्हनले म्हनून!" अण्णा खदखदून हसले. "मी काय गाडी गिळनार होतो का? येडा हायस तू. जा, समद्यांना चहा सांग आगुदर."

अंगदनं चहा सांगितला. मग गावात फोन लावला. बूथवाला म्हणाला, तासाभरानं कुणाचातरी ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत घालून नेली.

तो केजच्या दवाखान्यात पोचला तेव्हा दिवे लागले होते. पोरगा होता, पुऱ्या दिवसांचा, मेलेला. शिवकन्या वाचली. पिशवी काढावी लागली, आता मूल होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दारातच सांगितलं.

बंकट बाकावर बसला होता. त्याच्या सदऱ्यावर बहिणीचं रक्त वाळलं होतं. "बोलता बोलता कट कावून झाला, दाजी?"

"रेंज गेली," अंगद म्हणाला.

बंकटनं टॉवरवाल्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. दोन दिवसांनी शिवकन्येला बोलायचं बळ आलं, तर तिनंच अंगदचा हात धरला. "तुमी जिवाला लावून घिऊ नका. रेंजच न्हवती, तुमी काय करनार?" तिला घरी आणल्यावरही ती शेजारणींना हेच सांगायची, आणि तो ऐकायचा.

पंधराव्या दिवशी अण्णा भेटायला आले. मागं दहा-बारा कार्यकर्ते. शिवकन्या आतल्या दाराला टेकून बसली होती, बंकट पाणी देत होता. अण्णांनी अंगदच्या पाठीवर थाप मारली.

"ह्याला म्हनतेत मानूस! घरून फोन आला, बायको मरायला टेकली, समोर धुळाजी इचारतोय गाडी निऊ का म्हनून. पन ह्या पठ्ठ्यानं कट केला आन् मुंबई लावली. लाईन तुटू दिली न्हाई. माझं तिकीट ह्याच्यामुळं हाय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंकटच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

लोक गेल्यावर शिवकन्येनं विचारलं, "तुमी कट केला?"

अंगदनं बंकटच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"धुळाजी इचारत व्हता, आन् तुमी कट केला?"

"एकच काडी राहिलती," तो म्हणाला.

ती भिंतीला धरून उठली. अजून नीट उभं राहता येत नव्हतं. बंकटनं तिचं गाठोडं बांधलं आणि दोघं संध्याकाळच्या एसटीनं वडवणीला, माहेरी गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. बंकट तेवढा दारात थांबला आणि अंगदच्या पायाशी थुंकला.

सकाळी सहाला अण्णांची गाडी दारात येऊन हॉर्न देऊ लागली. प्रचाराचा पहिला दिवस होता. अंगदनं दोन्ही मोबाईल गळ्यात अडकवले, चार्जर खिशात घातला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.