दोन दगडांमधली जागा

कोर्टात आणल्यापासून माझ्या बापाचा दगड चार बोटं वाढला आहे. मी दर तारखेला दोरीने मोजतो. दोरी माझी स्वतःची आहे, पळसाच्या मुळांच्या वाखाची, आणि ती मी कोणाच्या हाती देत नाही.

आमच्यात माणूस मेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. मेलेला सुखात असेल तर दगड वाढतो. ज्या जमिनीत कुळाचे दगड वाढतात ती जमीन त्या कुळाची. सातबारा वगैरे पुष्कळ नंतर आला. माझा बाप डोबी पुंगाटी एकोणीस वर्षं कोरमेट्टा डोंगरावर उभा होता, म्हणून तो डोंगर आमच्या कुडरी गावाचा. पलीकडचं बोडंगा गाव म्हणतं डोंगर त्यांचा, कारण त्यांचेही दगड तिथेच आहेत. तेवढ्यासाठी आम्ही कोर्टात आहोत.

आमचे वकील बारसागडे साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले, "पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"दगड हाये ना जी."

"मग तो कोर्टापुढे यायला पाहिजे."

मला त्यांचा तिथेच संशय आला होता. पण त्याहून जास्त इरपाचा आला. इरपा वड्डे बोडंग्याच्या बाजूने लढतो. माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा आहे, आणि लहानपणापासून ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला सवय. आपण दगड डोंगरावरच ठेवला, तर एखाद्या दिवशी हा पठ्ठ्या तो हलवणार, असं माझ्या डोक्यात बसलं. म्हणून मीच हलवला. चौघांनी कावडीवर घालून एसटीपर्यंत आणला. कंडक्टरने विचारलं, "माणूस की सामान?" मी म्हणालो, माणूस. त्याने पूर्ण तिकीट फाडलं आणि बापाला खिडकीची जागा दिली.

कोर्टात शिपायाने बापाच्या कपाळावर खडूने पुराव्याचा नंबर लिहिला, निशाणी सतरा. त्याच दुपारी इरपाने त्याच्या आजोबांचा दगड आणला. निशाणी अठरा. तसा तो माझाही आजोबा, पण आईकडून, म्हणून कोर्टात धरत नाहीत.

"तू आणला म्हणून मी आणला," इरपा म्हणाला.

दोन्ही दगड साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर ठेवले. मध्ये तीन हात जागा राहिली. पुढच्या तारखेला त्यांच्याखालच्या फरशा फुटल्या होत्या आणि दगड खाली मातीत गेले होते. मला वाटलं, इरपा चोरून पाणी घालत असणार. मी एक दिवस दाराशी बसून पाळत ठेवली. इरपाही समोरच्या बाकावर बसून माझ्यावर पाळत ठेवून होता. पाणी कोणीच घातलं नाही, तरी संध्याकाळी दोरी आखूड पडली.

जज्ज साहेबांची खुर्ची मात्र मागे सरकत गेली. दगड एक बोट वाढला की कोर्टाची खोली एक शेत लांब व्हायची. तिसऱ्या तारखेला साहेबांचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाहून यावा तसा येत होता.

"डोंगरावर आता तुमचे दगड आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. इथं हायेत."

"आणि दगड वाढतात ती जमीन तुमची?"

"होय."

"म्हणजे तुमचा दावा या खोलीवर आहे."

मी बारसागडे साहेबांकडे पाहिलं. ते लिहून घेत होते. इरपाही तेच म्हणाला. डोंगराचा कागद शिपायाने फायलीतून काढून घेतला. उरला वाद तो मधल्या तीन हातांचा. साहेबांनी हुकूम दिला, "जैसे थे. मधल्या जागेतलं कोणीही काहीही हलवायचं नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझाच राग आला. बापाला डोंगरावरून मी उचललं होतं, इरपाने नव्हे. हे मी कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या तारखेला माझी आई आली. तिचं नाव पेंडे. दोन दिवस चालत आली होती. तिने आधी माझ्या बापाच्या दगडाला हात लावला, मग स्वतःच्या बापाच्या.

"तुझ्या बापाच्या खड्ड्यात हद्दीचा सिमेंटचा खांब हाये," ती म्हणाली. "त्याच्यावर नंबर हाये. तो बी वाढून राहिला."

"कोणी लावला?"

"कोणी नव्हतं तिथं. खांबच होता."

मी इरपाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.

"आता माझा दगड कुठं लावशील?" आईने विचारलं.

गेली एकोणीस वर्षं ती बापाशेजारची जागा झाडत आली होती. तिला दुसरं काही नको होतं. तिने लुगड्याच्या पदराने दोन दगडांमधली धूळ झाडली आणि तिथे बसली. शिपाई तिला उठवायला गेला, तेव्हा लांबून साहेबांचा आवाज आला, "जैसे थे."

पुढच्या तारखेला आई चार बोटं वाढली होती.

पाय घोट्यापर्यंत मातीत गेले होते. मी तिला पाणी पाजलं. इरपाने द्रोणात आंबील आणली होती. "आत्या, घे," तो म्हणाला. तिने त्याची आंबील संपवली आणि माझं पाणी थोडं उरवलं. मी दोरी काढली. आई माझ्या बापापासून दीड हात होती आणि तिच्या बापापासून एक बोट कमी दीड हात. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"आई, थोडी इकडं सरक ना."

"हलायचं नाही म्हणले ना साहेब," ती म्हणाली.

साहेब आता दिसतही नव्हते. फक्त आवाज आला. "जे वाढतं ते निशाणीवर आलं पाहिजे. ही निशाणी कोणाची?"

बारसागडे साहेब माझ्या कानाशी वाकले. "आमची म्हणा. हात वर करा. मधली जागा आपली झाली की खोली आपली, आणि खोलीच्या बदल्यात डोंगर मागता येईल."

निशाणी दगडाला देतात. दगड मेलेल्या माणसाचा असतो. हे मला ठाऊक होतं आणि इरपालाही ठाऊक होतं. आई पापण्या मिटत होती, उघडत होती. आम्ही दोघेही तिच्या पायांकडे पाहत होतो.

इरपाचा हात मांडीवरून हललासा वाटला. कदाचित तो घाम पुसत असेल. तोवर माझा हात वर गेला होता.

शिपाई खडू घेऊन आला. त्याला लिहायला जागा व्हावी म्हणून आईने कपाळावरचे केस मागे सारले.