नावं ठेवलेलं घर

कौतुक केलं की शालनताईंचं घर वाढायचं आणि नावं ठेवली की आक्रसायचं. गल्लीतली सगळीच घरं तशी, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. वर्षातून एकदा घरपट्टीचे साहेब यायचे, घराची किंमत ठरवायचे आणि त्या मानाने घराचा एखादा तुकडा काढून न्यायचे. म्हणून त्या दिवशी गल्लीचा एकच ठराव असे: ज्याने त्याने आपल्या घराला पोटभर नावं ठेवायची.

शालनताई त्यात पटाईत. नवरा गेल्यावर त्यांनी नुसत्या तोंडाच्या जोरावर दोन खोल्या राखल्या होत्या. माहेरी कुणी उरलं नव्हतं. या दोन खोल्या गेल्या तर पाठ टेकायला जागा नव्हती.

मागच्या साली साहेबांनी माजघराची खिडकी नेली. पुढे ताप आला म्हणून ताई सरकारी दवाखान्यात गेल्या, तर खिडकी तिथल्या भिंतीत! खाली बाकावर पोटुशा बायका वारा खात बसलेल्या. ताईंना रागही धड येईना.

यंदा समोर रुंद रस्ता झाला आणि घर कुणी काही न बोलताच फुगलं. साहेब आले.

"रस्ता झाला त्यात माझा काय गुन्हा, साहेब? माझी पेन्शन न्हाई फुगली."

"रस्ता कशातनं झाला, ताई? कुणाच्या तरी ओसरीतनंच की."

ताईंनी अंगणात उभं राहून तोंड सोडलं. "गळकं! दळभद्री! उंदीरसुदिक ऱ्हाईना यात!" घर आक्रसत त्यांच्या खांद्याएवढं झालं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून हिंदुराव आले. सख्खे दीर. कालच ताईंच्या हातचा चहा पिऊन "मी हाय न्हवं, वहिनी" म्हणून गेलेले.

"साहेब, वहिनींचं ऐकू नका. असं घर पंचक्रोशीत न्हाई! माझं खोपटं त्येच्यापुढं काय?"

त्यांचं घर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं झालं. ताईंच्या घरावर मजला चढला, मग दुसरा, मग गच्ची.

"याचा तुकडा काय काढायचा," साहेब मान वर करून म्हणाले. "सगळंच न्यावं लागेल."

"भावजी, केसानं गळा कापलासा की!"

"गावाला शाळा नको व्हय, वहिनी? तुमच्या एका घरात भागतंय, बाकीच्यांची वाचत्यात."

घर आपल्याला सोडून जाणार नाही, अशी ताईंना खात्री होती. पण घराने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याबद्दल चांगलं ऐकलं होतं. ते उठलं, पायाची माती झटकली आणि साहेबांच्या मागे चालू लागलं. दिरापेक्षा हे ताईंना जास्त लागलं.

"थांब रे! लाखात एक हाईस तू! मनातनं कधी तुला वंगाळ म्हणलं न्हाई मी!"

घर थांबलं. ताई गोड बोलत राहिल्या आणि घर आणखी वाढत राहिलं. मग त्याने ताईंच्या तोंडावर दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.