अडीच अंशांचा कल

एदुआर्द वादिमोविच हे झारेच्नी वसाहतीच्या सांस्कृतिक खात्याचे प्रमुख होते, आणि हेलिकॉप्टर हा त्यांच्या लेखी शोभेच्या कारंज्याचाच एक प्रकार होता. फाइना येगोरोव्नांनी हे पहिल्याच बैठकीत ओळखले. जुने मी-२४ हेलिकॉप्टर युद्धस्मारक म्हणून चौथऱ्यावर चढवायचे ठरले, तेव्हा त्याच्या नाकाखालची मशीनगन या गृहस्थांना फारच किरकोळ वाटली. नंतरच्या एका प्रकाराला उजव्या गालाशी जुळी तोफ असते, असे त्यांनी कुठल्याशा चित्रात पाहिले होते. सांडपाण्याचे दोन नळ रंगवून तशी तोफ बसवायला ते निघाले होते.

"चौथऱ्यावर नाव कुणाचं कोरताय?" फाइनांनी विचारले.

"तुमच्या बंधूंचं. सगळ्यात वर."

"मग तो ज्यात बसायचा तेच राहू द्या. नळ तुमच्या न्हाणीघराला लावा."

नळाचा विषय तिथेच मिटला.

फाइनांचे उभे आयुष्य या यंत्राच्या आराखड्यांत गेले होते. पहिल्या प्रकाराची ऐसपैस काचेची केबिन, जिला वैमानिक कुत्सितपणे 'व्हरांडा' म्हणत, ती जाऊन एकामागे एक, पायरीने चढते असे दोन घुमट आले. शेपटीचा पंखा उजवीकडून डावीकडे गेला. बंदुका बदलल्या, क्षेपणास्त्रे बदलली. एक गोष्ट मात्र आली ती कायमची. शेपटीचा पंखा यंत्राला डावीकडे रेटतो. तो रेटा खोडून काढण्यासाठी मुख्य पंख्याचा दांडा, इंजिने, मधले धड आणि आखूड पंख हे सारे उजवीकडे अडीच अंश कललेले असते. माणसे बसतात ते नाक तेवढे ताठ. पुढच्या घुमटात बसणारा नेमबाज गेना, त्यांचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "ताई, तुमचं यंत्र बटाट्याची पिशवी धरून उभं राहिल्यासारखं दिसतं." तो अफगाणिस्तानातून परतला नाही.

अनावरणाच्या आदल्या सकाळी फाइना चौथऱ्यापाशी गेल्या, तर धड सरळ होते आणि नाक तिरके. उजव्या चाकाखाली पोलादी पट्ट्यांची चळत घालून ती वेल्डिंगने पक्की केली होती. शेजारी त्यांचा तंत्रविद्यालयातला विद्यार्थी, आता वसाहतीचा अभियंता झालेला तिखोन, उभा होता.

"हे काय रे?"

"साहेब म्हणाले, वाकडं दिसतंय. उद्या गव्हर्नर येणार."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, सरळ करतो."

"तुला ठाऊक नव्हतं?"

तिखोनने बुटांकडे पाहिले. "ठाऊक होतं, बाई. तुम्हीच शिकवलंत. पण खालून कोण एवढं बघतंय?"

अडाण्यांचा फाइनांना राग येत नसे. त्यांच्याकडून अपेक्षाच नसते. जाणून घातलेले हे लोटांगण मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

एवढ्यात एदुआर्द वादिमोविच सूर्यफुलाच्या बिया फोडत आले. "स्वतः पाणसळ लावून पाहिली मी. तंतोतंत सरळ."

"खांदे सरळ करायच्या नादात तुम्ही मान मुरगळलीत. पट्ट्या काढा, नाहीतर माझ्या भावाचं नाव काढा."

"नाव ग्रॅनाइटमध्ये कोरलंय हो."

"आणि पट्ट्या वेल्डिंगनं बसवल्यात. यातलं सोपं कुठलं, ते तुमचा अभियंता सांगेल."

अभियंता आपली हत्यारे गोळा करू लागला.

दुसऱ्या दिवशी फाइनांनी मंचावर बसायला साफ नकार दिला. पडदा सरकला, बँड वाजला. जुने हवाई सैनिक प्रत्येकी दोन कार्नेशन घेऊन रांगेने पुढे आले; मृतांना फुले द्यायची ती समसंख्येतच. यंत्राच्या नाकासमोर येताच एकेकाची मान एका अंगाला कलू लागली.

"किती आदर," एदुआर्द वादिमोविच गव्हर्नरांच्या कानाशी लागले.

रांगेत पहिला होता रेनात गालिमोव. गेनाच्या मागच्या घुमटात बसून तो यंत्र चालवायचा. गेनाच्या शेवटच्या उड्डाणाच्या वेळी तो तापाने पडून होता, म्हणून वाचला. त्याने फुले ठेवली नाहीत.

"फाइना, याला टेकू कुणी दिला?"

"कलावंतांनी."

"मग फुलं त्यांनाच द्या. हे यंत्र आमचं नव्हे." तो फुले छातीशी धरून बाजूला झाला. त्याच्यामागून सगळेच तसे झाले. चौथरा रिकामा राहिला आणि बँड आपोआप थांबला.

"काय झालं?" गव्हर्नरांनी विचारले.

"तांत्रिक बाब आहे," म्हणत एदुआर्द वादिमोविचांनी तत्परतेने तिखोनकडे बोट दाखवले.

तिखोन पांढराफटक पडला. "यंत्र बरोबर होतं, साहेब. वाकडं मी केलं. हुकमावरून, पण मीच."

मग कुणाला न विचारता त्याने गाडीतून जॅक आणि कटर आणला. नव्या सुटावर ठिणग्या घेत त्याने वेल्डिंग कापले, पट्ट्या उपसल्या. यंत्र हळूच उजव्या चाकावर बसले, खांदा झुकला, नाक ताठ झाले. रेनातने मान सरळ केली आणि दोन फुले गेनाच्या नावाखाली ठेवली. बाकीचेही पुढे सरकले.

थोड्याच वेळात एदुआर्द वादिमोविच टीव्हीवाल्यांना समजावत होते, "अडीच अंशांचा हा कल राखण्यावर आमच्या खात्याने पहिल्यापासून भर दिला."

फाइनांनी तिकडे वळूनही पाहिले नाही. काजळलेले हात पुसत तिखोन त्यांच्यापाशी आला.

"आता बरोबर झालं ना, बाई?"

"यंत्र झालं," त्या म्हणाल्या, आणि आपली दोन फुले ठेवायला वाकल्या.